उभ्या गाडीचं इंजिन

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा सासरी घर नव्हतं, गाडी होती. लढाईच्या काळातली लष्कराची रुग्णवाहिका. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली, दोन मालकांच्या हातून फिरून माझ्या यजमानांकडे आलेली. दोन्ही अंगांवरची लाल फुली त्यांनी हिरव्या रंगाने झाकली होती, पण ऊन तिरपं पडलं की रंगाखालून फुलीच्या कडा उठून दिसत. खेड्यांतली माणसं तिला मढ्याची गाडी म्हणत. आमच्या तोंडावर नाही, पण बायका आपल्या पोरांना तिच्यापासून ओढून घेत ते मला दिसे.

यजमान चष्मेवाले होते. नागपूरला एका दुकानात राहून ते डोळे तपासायला आणि काच घासून चौकटीत बसवायला शिकले. तेव्हा वर्धा मध्यप्रदेशातच होतं. चष्मा करायचा तर माणसाने नागपूर नाहीतर वर्धा गाठायचं, आणि म्हातारी माणसं कुठली जातात? म्हणून ह्यांनी ठरवलं की दुकानच लोकांकडे न्यायचं. पावसाळ्याचे महिने आम्ही आर्वीला एका खोलीत काढायचो. दसरा झाला की गाडी निघायची. सेलू, आंजी, खरांगणा, आर्वीकडची गावं, जिथे आठवडी बाजार असेल तिथे. झोपणं, स्वयंपाक, पाहुणे, सगळं त्या गाडीत.

आमच्याबरोबर आक्का असायच्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. आई गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला लागल्या की बाजारातला गलका खाली बसावा असा आवाज. मी पुलगावच्या कापडगिरणीतल्या कामगाराची मुलगी. मला सासू नव्हती, पण आक्कांमुळे ती उणीव कधी भासली नाही. कधीकधी भासली असती तर बरं, असंही वाटायचं.

आता बॅटऱ्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी झालं.

गाडीत तीन बॅटऱ्या होत्या. एक गाडीची स्वतःची, इंजिन सुरू करायची. उरलेल्या दोन आमच्या संसाराच्या. डोळे तपासायची ह्यांच्याकडे एक पेटी होती, पुढे दुधी काच, त्यावर काळी अक्षरं, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या तीन दातांच्या आकड्या. आत दिवा लागला की अक्षरं अशी उजळत की माणसं बाजारातल्या आमच्या टपरीबाहेर उभी राहून बघत. तो दिवा, काच घासायच्या चकतीची लहानशी मोटार आणि गाडीतला एक बल्ब, एवढं त्या दोन बॅटऱ्यांवर चाले. मी झोपायची त्या फळीखाली एका लाकडी पेटीत त्या ठेवलेल्या असत.

गाडी रस्त्याने धावली की बॅटऱ्या आपोआप भरायच्या. पण आमची गाडी धावायची थोडी आणि उभी राहायची फार. म्हणून रोज उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून त्या भराव्या लागत. हे ॲक्सिलरेटरवर अर्धी वीट ठेवून देत, इंजिन एका सुरात घुमायला लागे आणि हे आपल्या कामाला निघून जात. तास-दीड तासाने येऊन बॅटरीची बुचं काढत आणि रबरी फुग्याच्या काचेच्या नळीने ॲसिड वर ओढून बघत. नळीतला तरंगता काटा वर आला की भरली. तोवर ॲसिडला बुडबुडे येत, आंबट, नाकात झोंबणारा वास सुटे. पहिल्या महिन्यात मला तो सोसत नसे. नंतर तो आमच्या घराचाच वास झाला.

"आपल्या पोटाले नसंन तं चालते," आक्का म्हणायच्या, "पन त्यायच्या पोटाले टाइमावर पायजे."

मी सांगते ती गोष्ट लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यातली. खरांगण्याच्या पुढे डोंगराकडे सागाची कटाई चालली होती. तिथे जंगलकामाला आलेली आणि आधीपासून राहणारी पुष्कळ गोंड मंडळी होती. त्यांतल्या कोणीतरी बाजारात ह्यांना सांगितलं की वस्तीवर म्हातारी माणसं बरीच आहेत, सुईत दोरा ओवता येत नाही, दाण्यातले खडे दिसत नाहीत, तुम्हीच चला. ह्यांना असं बोलावणं आलं की पाय जमिनीवर ठरत नसे.

वाट बैलगाडीची. मधे एक कोरडा नाला, गोट्यांनी भरलेला. उतरताना गाडी एका बाजूला कलली, खालून काहीतरी कडाडलं आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. घोगरा, मोकाट झाला. हे उतरून खाली वाकून बघून आले.

"धुराची नळी लागली गोट्याले. जराकशी चिरली. तारेनं बांधून देतो."

त्यांनी तारेने आवळून बांधली. आवाज थोडा कमी झाला, पण पहिल्यासारखा झाला नाही.

आम्ही वस्तीच्या कडेला मोहाच्या एका झाडाखाली गाडी लावली. थोड्या अंतरावर, गावाच्या बाजूला, ह्यांनी बांबू रोवून ताडपत्रीची टपरी उभारली आणि लांब वायरीने दिव्याची पेटी तिथपर्यंत नेली. माणसं येऊ लागली. परत परत त्या नाल्यातून गाडी काढायची नको म्हणून इथेच राहू, सगळ्यांचे चष्मे पुरे करूनच निघू असं ठरलं. थंडी त्या वर्षी फार होती. सकाळी गवतावरचं दव पायाला चावत असे. आक्कांनी गाडीच्या मागच्या दारांच्या फटींत जुनं कापड कोंबलं, खिडक्या लावून टाकल्या आणि आत ऊब धरली.

पहिल्या दोनतीन दिवसांतच माझं डोकं दुखायला लागलं. कपाळाभोवती कोणी ओला दोर आवळतंय असं. सकाळी ह्यांनी इंजिन सुरू केलं, आम्ही दोघी आत भाकरीचं पीठ मळायला घेतलं, की हळूहळू सुरू व्हायचं. मग मळमळ. एकदा मी परात तशीच टाकून बाहेर धावले आणि मोहाच्या बुंध्याशी बसून ओकले. आक्का मागे येऊन उभ्या राहिल्या. मी तोंड पुसून वर बघितलं तर त्यांचा चेहरा कसा फुलला होता.

"कवापासून होऊन राह्यलं वं तुले?"

"दोनतीन दिवसांपासून."

"अन् बाहीर बसली नाई नं या महिन्यात?"

मी मान हलवली. खरंच बसले नव्हते. दिवस वर गेले होते आणि भीतीने मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आधीही एकदा असं होऊन आशा फुकट गेली होती.

"व माय!" आक्कांनी दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "दिवस गेले तुले. दिवस गेले वं पोरी!"

आर्वीच्या शेजारणींनी आता मला विचारायचंही सोडलं होतं. ते सोडणंच मला जास्त टोचायचं. त्या सकाळी मोहाखाली बसून मला रडू आलं, आणि डोकं इतकं ठणकत होतं की आनंदाने रडतेय की दुखण्याने, माझं मलाच कळेना. ह्यांना आक्कांनीच सांगितलं. ते टपरीकडे गेले आणि त्या दिवशी एका म्हातारीची काच दोनदा चुकीची घासली.

त्या दिवसापासून आक्कांनी मला कामाला हात लावू दिला नाही. "वारं लागते. थंडी बाधते. पडून राह्य अंदर." त्या मला फळीवर झोपवत, अंगावर गोधडी, वरून घोंगडी, आणि दार आतून ओढून घेत. स्वतः पायथ्याशी बसून भाजी चिरत, नाहीतर जुन्या लुगड्याची दुपटी शिवत. खाली इंजिन घुमत असे. फळी बारीक थरथरत असे. त्या थरथरीत मी डोळे मिटून पडायचे आणि पोटावर हात ठेवायचे.

वस्तीवरची एक बाई रोज येई. माझ्याच वयाची, गोंडीण, जंगलात मोळ्या बांधायच्या कामावर जाणारी. तिच्या आईला ह्यांनी चष्मा केला होता. आईशी ती त्यांच्या बोलीत बोले, आमच्याशी वऱ्हाडीत. कामावरून परतताना ती आमच्यासाठी कधी सरपण, कधी रानातली बोरं टाकून जाई. गाडीपासून मात्र हातभर लांब उभी राही.

"अंदर ये नं," मी एकदा म्हटलं.

"नाई."

"काऊन?"

तिने गाडीच्या अंगावर, हिरव्या रंगाखालच्या फुलीकडे बघितलं. "मेलेल्या मानसायची गाडी हाये हे. माया बापानं पायल्या होत्या अशा, लढाईच्या टायमाले, टेसनावर." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू आली तवा अशी नोती. तुयं तोंड पाय."

मी हसले. म्हटलं, दिवस आहेत मला. ती हसली नाही.

मग आक्कांचंही डोकं दुखायला लागलं. त्या सांगायच्या नाहीत, पण सकाळी कपाळाला लुगड्याचा काठ घट्ट बांधत. एका सकाळी त्यांनी भाजीत मीठ तीनदा टाकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या केसांना तेल लावता लावता थांबल्या आणि म्हणाल्या, "माय, तू कवा आली?" त्यांची आई मरून वीस वर्षं झाली होती. मी वळून बघितलं तर त्या माझ्याकडे बघत होत्या, पण डोळे माझ्यावर ठरत नव्हते. थोड्या वेळाने बाहेर जाऊन आल्या आणि एकदम नेहमीसारख्या झाल्या. म्हणाल्या, "काय बोलली मी? डुलकी लागलती वाटते."

हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा मात्र ते विचारात पडले. ते स्वतः ठणठणीत होते. दिवसभर टपरीत, मोकळ्या हवेत. रात्री इंजिन बंदच असे. त्यांनी बराच वेळ बॅटऱ्यांच्या पेटीकडे बघितलं आणि म्हणाले, "गॅस. भरताना ह्या बॅटऱ्या गॅस सोडतात. दारं बंद करून तुमी त्यायच्या वरच झोपून राह्यल्या."

आम्हाला पटलं. तो आंबट वास सगळ्यांनाच जाणवायचा. वाईट काही असेल तर त्याचा वास येणारच, असं आम्ही धरून चाललो.

त्यांनी त्याच दिवशी पेटी बाहेर काढून मागच्या पायरीवर बसवली. वायर पुढून इंजिनाकडून तिथवर न्यायला नवी वाट हवी होती. आधीची वायर लहान पडत होती. म्हणून त्यांनी गाडीच्या तळाला, बरोबर मधे, फळीत एक भोक पाडलं आणि जाड वायर त्यातून खाली सोडून मागे नेली. भोक वायरीपेक्षा बरंच मोठं पडलं. "चिंध्या भरून देतो मंग," म्हणाले. त्या दिवशी बॅटऱ्या भरल्याच नाहीत. आम्ही दोघी किती दिवसांनी डोकं न दुखता झोपलो. सकाळी आक्का गाणं म्हणत उठल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आपण बरोबर ओळखलं अशा समाधानाने. चिंध्या भरायच्या राहून गेल्या.

त्याच दिवशी आभाळ भरून आलं. पौषात अशी झड कधीमधी लागते, बारीक, न थांबणारी. लोक शेकोट्या धरून बसले. ह्यांच्याकडे मात्र पाचसहा चौकटी बसवायच्या होत्या आणि एक दिवस खाडा झाल्याने बॅटऱ्या उतरल्या होत्या. दुपारची जेवणं झाल्यावर त्यांनी इंजिन सुरू केलं, वीट ठेवली, पावसाचे थेंब बॅटऱ्यांवर पडू नयेत म्हणून मागे ताडपत्री ओढली. ती दारांवरून खालपर्यंत आली. मग डोक्यावर पोतं घेऊन ते टपरीकडे गेले.

आत उबदार होतं. पाऊस छपरावर वाजत होता. मी पडले होते. आक्का खाली बसून वांगी चिरत होत्या. इंजिनाचा घोगरा आवाज नेहमीपेक्षा जवळ वाटला, जणू पायाशीच. मी आक्कांकडे बघितलं. त्यांचे गाल लालबुंद दिसत होते, तरण्या मुलीसारखे. मला वाटलं, किती बऱ्या दिसतात आज. हे मला स्पष्ट आठवतं. बऱ्या दिसतात, असंच मला वाटलं.

मग त्यांचा विळीवरचा हात थांबला. वांग्याची अर्धी फोड बोटांत, आणि त्या समोर बघत बसून राहिल्या. मी म्हटलं, "आक्का." म्हणजे म्हणायचं ठरवलं. जीभ हलली की नाही, माहीत नाही. उठायला गेले तर पाय माझे नव्हते. भीती वाटली नाही, ह्याचंच आज भय वाटतं. इतकं सोपं होतं ते. कोणीतरी गोधडी अंगावर ओढावी आणि आपण ओढू द्यावी. दूर कुठेतरी आक्का आडव्या झाल्या. विळीवर नाही, बाजूला. एवढं बघून मला बरं वाटलं आणि मी डोळे मिटले.

पुढचं मला नंतर कळलं ते असं. वस्तीवरच्या त्या गोंड बाईच्या आईच्या चष्म्याची काच सैल झाली होती. टपरीत ह्यांनी ती नीट करून त्या बाईच्या हाती दिली आणि सांगितलं, जाता जाता गाडीशी आवाज दे, म्हणावं चहा ठेवा. तिने ताडपत्रीबाहेरून हाका मारल्या. उत्तर नाही. इंजिन चालू, माणसांची चाहूल नाही. तिने ताडपत्री उचलली, दार ओढलं. जिथे ती कधी पाय ठेवायला तयार नव्हती, त्या गाडीत ती चढली. आधी मला काखेत धरून ओढत बाहेर आणलं आणि चिखलात टाकलं. मग आक्कांना. आक्का तिच्यापेक्षा दीडपट होत्या. त्यांना ओढताना ती ओरडत होती, ते ऐकून हे धावले.

मला जाग आली ती तोंडावर पडणाऱ्या पावसाने. चिखल कानात गेला होता. हे आक्कांना हलवत होते, "आक्का, आक्का वं," आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा चिरकत होता. आक्कांचा श्वास चालू होता, पण ओठ लाल आणि डोळे अर्धे उघडे.

"वर्ध्याले नेतो," हे म्हणाले. "गाडीत टाका दोघीले. लवकर." इंजिन अजून चालूच होतं.

ती बाई माझ्या आणि गाडीच्या मधे उभी राहिली. "यात नाई."

"अवो, बैलगाडीनं कवा पोचन? मरून जाईन मायी बहीन!"

"दोघी या गाडीतच पडल्या," ती म्हणाली. "मंग तुमी त्यायले यातच काऊन घालून राह्यले?"

ह्यांनी तिला बाजूला ढकललं असतं. हात उचललाही होता. मग ते तिच्याकडे बघत राहिले, पुढच्या दाराशी जाऊन वाकले, ॲक्सिलरेटरवरची वीट हाताने ओढून काढली आणि चावी फिरवली. इंजिन धडधडून बंद पडलं. इतके दिवस त्या आवाजात राहून आम्ही तो ऐकायचंच सोडलं होतं. तो थांबला तेव्हा पावसाचा आवाज केवढा मोठा आला.

वस्तीवरल्या एकाच्या बैलांच्या दमणीत गवतावर गोधड्या टाकून आम्हाला निजवलं. ताडपत्रीचं छप्पर केलं, पण दोन्ही तोंडं उघडी. ती बाई नाल्यापर्यंत चालत आली. खरांगण्याला कटाईवरच्या ठेकेदाराचा ट्रक मिळाला. वाऱ्यात आक्का हळूहळू शुद्धीवर येत गेल्या. वर्धेच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना त्या ह्यांना म्हणाल्या, "मायी वांगी तशीच राह्यली." आम्ही तिघंही हसलो, रडत रडत.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोळशाची शेगडी होती का बंद खोलीत?"

"शेगडी नोती," हे म्हणाले. "बॅटऱ्या होत्या, पन बाहीर होत्या."

"मग धूर कशाचा होता?"

"धूर नोताच जी. वासच नोता कायचा."

डॉक्टर म्हणाले, ज्या वायूने असं होतं त्याला वास नसतो. इंजिनाच्या धुरातही तो असतो. ह्यांच्या हातात कोणाचा तरी पाण्याचा पेला होता, तो त्यांनी खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते एकटेच परत वस्तीवर गेले. गाडीखाली पाठीवर पडून त्यांनी बघितलं. नाल्यात चिरलेल्या नळीला तारेच्या वर आणखी एक फट होती, गाडीच्या तळाकडे तोंड केलेली. आणि तिच्या डोक्यावर, वीतभर अंतरावर, त्यांनी स्वतः पाडलेलं भोक. हे मला त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. एकदाच सांगितलं. बॅटऱ्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. पेटी तिथेच राहिली असती तर ते भोकही पडलं नसतं.

माझी तपासणी एका डॉक्टरीणबाईंनी केली. हात धुता धुता म्हणाल्या, "पोटात काही नाही. अशक्तपणाने पाळी पुढे जाते कधी." त्या पडद्यापलीकडे गेल्या. मी खाटेवर बसून राहिले. गेलं असं काही नव्हतंच, मग रडायचं कशाला, असं मी स्वतःला सांगत होते. दुपट्यांची गोष्ट कोणी काढली नाही. ती दुपटी पुढे कुठे गेली मला माहीत नाही. बहुतेक ह्यांनीच कोणाला देऊन टाकली.

आक्का बऱ्या झाल्या. निदान तसं सगळ्यांनी मानलं. पुलगावला माझ्या माहेरी आम्ही विश्रांतीला गेलो, तिथे त्या आठवडाभर पूर्वीसारख्याच बोलत होत्या, माझ्या आईला कण्या कशा शिजवायच्या ते शिकवत होत्या. माझे वडील म्हणाले, देवाची कृपा, थोडक्यात निभावलं. त्यानंतर एका सकाळी आईने त्यांना विहिरीवर बघितलं. दोर हातात, बादली अर्ध्यात लोंबकळत, आणि आक्का उभ्या. आईने हाक मारली तशी त्यांनी बादली वर ओढली. दुसऱ्या दिवशी परत तसंच. मग चाल बदलली. त्या उंच बाईची पावलं लहान लहान, घासत पडू लागली. बोलणं कमी झालं. मग एकेका शब्दावर आलं. आम्ही परत वर्धेला नेलं. डॉक्टर म्हणाले, अशा धुराने कधी मागाहूनही होतं, माणूस बरा झाल्यावर. काही सुधारतात. वाट बघा.

आम्ही वाट बघितली. त्या सुधारल्या नाहीत. आधी पुलगावच्या गिरणीचा, पुढे आर्वीच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला की मात्र त्यांना हमखास बोलता येई. दचकून दाराकडे बघत आणि म्हणत, "बंद कर म्हना त्याले. इंजिन बंद कर म्हना." कोणाला म्हणायचं, ते त्यांना आठवत नसे. ज्याला म्हणायचं तो समोर बसलेला असे. हे उठून बाहेर जात, थोडा वेळ थांबत आणि परत येऊन म्हणत, "केलं आक्का, बंद केलं." अशा त्या पुढे काही वर्षं जगल्या. त्यांच्या शेवटच्या वर्षी मला मुलगी झाली. मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं तेव्हा त्यांनी तिच्या तोंडावरचं दुपटं बाजूला सारलं, पुन्हा पुन्हा, नुसतं बाजूला सारत राहिल्या.

गाडी ह्यांनी त्या हिवाळ्यानंतरच्याच उन्हाळ्यात विकली. आर्वीला भाड्याच्या जागेत चष्म्याचं दुकान घातलं. विकण्याआधी धुराची नळी पूर्ण नवी बसवून घेतली. तळाचं भोक पत्रा मारून बंद केलं. घेणारा यवतमाळकडचा होता, गावोगाव औषधं आणि काढे विकणारा, हसरा, सोन्याचा दात असलेला माणूस. हे त्याच्याबरोबर दोनदा गाडीखाली गेले. नवी नळी दाखवली, सांधे दाखवले, दर महिन्याला हात लावून बघत जा म्हणाले.

"अन् एक आयका. उभ्या गाडीचं इंजिन चालू असंन तं कोनाले अंदर बसू देऊ नका. काई झालं तरी."

"हो हो," तो म्हणाला. "समजलं नं, भाऊ."

"वास येत नाई त्याचा."

"अरे, सांगतलं नं एकडाव." त्याने ह्यांच्या खांद्यावर थाप मारली. "तुमी लयच घाबरता."

उन्हाळ्याची सकाळ होती तरी वारा सुटला होता, धूळ उडत होती. तो पुढे चढला आणि इंजिन सुरू केलं. मागे त्याची बायको आणि दोन मुलं आधीच चढून बसली होती, आमच्याच फळीवर सतरंजी अंथरून. कोणीतरी हाताने मागचं दार आतून ओढून घेतलं. धुळीसाठी असेल. हे दोन पावलं पुढे धावले आणि हात वर करून ओरडले. मीही ओरडले. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. गाडी वळणावर गेली, हिरव्या रंगावर ऊन पडलं. मग ती पुढे कुठे गेली, त्या माणसांचं काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही कोणाला.